दाजीनू, तो कंडेन्सर मी लावला होता

शालूकाकीचं नाव आधी लिहिते. दाजीनू, लिहायचं तुम्हाला आणि पहिलं नाव तुमच्या बायकोचं, हे तुम्हाला आवडणार नाही. पण आता तुमच्या आवडीनिवडी मी किती सांभाळू? तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, तिने एका हातात मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताने तुमच्या गिटारीच्या पाठीवरचं झाकण उघडलं. चार स्क्रू होते. एकेक निघाला की ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत होती. माजघरातून तुमच्या वहिनी, वत्सलावयनी, ओरडल्या, "शालू, सुतकात तेंच्या वस्तूक हात कित्याक लावतंस?" काकी मान वर न करता म्हणाली, "हात लावणंय नाय, बघतंय." आणि तिसरा स्क्रू फिरवायला लागली.

हे तिने केलं नसतं, तर मी इथे कोलकात्यात, कारखान्यातल्या माझ्या बाकावर, एकच गोष्ट उराशी धरून बसले असते. माझ्यामुळे तुम्ही वाजवायचं सोडलंत आणि तसेच गेलात, ही.

आता झालं काय ते लिहिते. तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

गेल्या चतुर्थीला तुमच्या गिटारीत कंडेन्सर मी लावला. तुम्हाला न विचारता. तुम्ही दुपारचे झोपला होतात तेव्हा. आणि त्यानंतर गिटारीत काय बिघडलं म्हणून तुम्ही महिनोन्‌महिने शोधत राहिलात, मला फोन करून विचारत राहिलात, आणि मी तुम्हाला सगळीकडे शोधायला लावलं, फक्त जिथे तो होता तिथे सोडून.

झालं. लिहिलं. तीनदा खोडून लिहिलंय. नववीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं लिहायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणायचात, "चेडवा, तुझा सोल्डरिंग साफ, पण अक्षर म्हणजे कुर्ल्यांची वाट."

आपली ओळखच मुळी खोबरेल तेलाने झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची, काजूच्या कारखान्यात जात होते. भाऊ गोव्याला हॉटेलात कामाला गेला आणि त्याची इलेक्ट्रिक गिटार घरी पडून राहिली. नॉब फिरवला की खरखर. आमच्या घरात दाराचं बिजागर करकरलं, कुलूप अडलं, की उपाय एकच. मी नॉबच्या फटीत तीन थेंब खोबरेल सोडलं. खरखर थांबली. मी खूश. मग पौष आला, आणि एका सकाळी नॉब फिरेचना. आवाजही गेला. मी गिटार गोणपाटात गुंडाळून आचरा रस्त्यावरच्या तुमच्या दुकानात आणली. तुम्ही लाउडस्पीकरच्या सेटातून डोकं वर काढलंत, गिटार उघडलीत, आत बोट लावून वास घेतलात आणि आतल्या खोलीत हाक मारलीत.

"शालू, हय ये! ह्या चेडवान गिटारीक तेल लावल्यान. आता फणी हाड, वेणी घालूया!"

दुकानात बसलेले दोघं हसले. काकी आली, तिने बघितलं आणि तीही हसली. माझे कान लाल झाले. मी म्हटलं, "कुलपाक चलता, मगे हेका कित्याक चलणा नाय?"

तेव्हा तुम्ही हसायचं थांबलात. मला अजून आठवतं, तुम्ही स्टूल पुढे ओढलंत. नॉबखालचा डबा उघडून दाखवलात. आत एक काळा पट्टा आणि त्याच्यावरून सरकणारी एक बारीक जीभ. ती जीभ पट्ट्याला टेकली तर आवाज, नाही टेकली तर नाही. थंडीत खोबरेल थिजलं आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसलं. "तेलाचो दोष नाय," तुम्ही म्हणालात. "जागा चुकली." आणि मग, "आणखी खंय खंय लावलंस ता आत्ताच सांग."

मला कुणी असं काही समजावून सांगितलं नव्हतं त्याआधी. शाळेत तर नाहीच. मी मूर्ख प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याला प्रश्न मानलात. मी आज जी काही आहे ती त्या स्टुलावरून उठलेली आहे. हे तुम्हाला मी कधी सांगितलं का? नाही. तेही नाही सांगितलं.

कारखाना सुटला की दुकानात यायची सवय लागली. तुमच्या कामाच्या खुणा मला तिथेच पाठ झाल्या. वायर उघडी राहू नये म्हणून तुम्ही सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून घालत होतात. आणि प्रत्येक सोल्डरवर काकीच्या लाल नेलपॉलिशचा एक थेंब. "खाऱ्या वाऱ्याक हयसूनच परत धाडूचा," म्हणायचात. मालवणात तांब्याला महिन्याभरात हिरवं चढतं, पण तुमचा सांधा दहा वर्षांनी उघडला तरी आतून चकचकीत. काकी मात्र लग्नाला जायच्या दिवशी बाटली उघडायची आणि आत ब्रश कोरडा.

"माझा नेलपॉलिश खंय जाता?"

"माका काय म्हायत? तूच लावत असशीत."

"मी लावलंय तर नखां खंय आसत लाल?"

आणि मग आपलं भांडण. तेच एक भांडण, सात वर्षं. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. गावच्या भजनी मंडळात तुम्ही गिटार घेऊन बसायचात. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली असतील, पण मी बघितलं तेव्हा तुमच्याशिवाय भजनाचे बुवा गायला बसत नव्हते. गजर चालू असला की तुमच्या गिटारीचा आवाज मोकळा. बुवांनी अभंग उचलला की तुमची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर यायची आणि आवाज दहावरून तीनवर. आणि तिथेच माझं डोकं फिरायचं. कारण तीनवर आणला की तुमचा आवाज नुसता लहान होत नव्हता, त्याची धार जात होती. गोणपाटाखालून वाजवल्यासारखा. पखवाज आणि झांजेत बुडून जायचा.

मी सांगत होते, व्हॉल्यूमच्या नॉबखाली तीन पाय असतात, त्यातल्या दोन पायांत एक बारीकसा कंडेन्सर टाकला की आवाज कमी केला तरी धार शाबूत राहते. जगभर लावतात. पाच मिनिटांचं काम.

"लावतत तर लावूंदेत," तुम्ही म्हणायचात. "भजनात गिटार दिसाक नको गो. आसा, इतक्याच कळाक व्हया. बुवा गातत तेव्हा मी तेंच्या पाठी उभो ऱ्हवान हळू बोलतंय. हळू बोलणाऱ्याक धार कित्याक व्हयी?"

"पण ऐकाकच येणा नाय दाजीनू!"

"तुका येणा नाय. बुवांका येता."

काकी चहा घेऊन यायची, दोन्ही बाजू ऐकायची, कप ठेवून जायची. एकदा, एकदाच, ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "पण म्हणजे नक्की फरक काय पडता, माका सांगा तरी." तुम्ही म्हणालात, "तुका नाय कळाचा ता." आणि मी हसले. दाजीनू, मी हसले. खोबरेल तेलाची मी, मी हसले.

मग तुम्ही मला इथे पाठवलंत. गिटारी बनवणाऱ्या कारखान्यात तुमच्या ओळखीचा माणूस होता, त्याला माझ्या हातच्या सोल्डरचे फोटो धाडलेत. बाबा तयार नव्हते. पोरगी, ती पण नववीत सुटलेली, कोलकात्याला? तुम्ही आमच्या पडवीत बसून एवढंच म्हणालात, "शाळेन तिका नापास केल्यान, माझ्या दुकानान नाय." बाबा तयार झाले. चार वर्षं झाली. मी इथे गिटारीच्या तारांखाली बसणाऱ्या पिकअपवर केसाएवढी तार गुंडाळते, आतली वायरिंग करते. भाषा अजून धड येत नाही. सुपरवायझरने नावाने हाक मारली की पहिला विचार हाच, आता काढणार कामावरून. पण काम चांगलं करते. ते तुमचं.

आणि म्हणूनच डोक्यात शिरलं असेल. इथे रोज माझ्या हातून असे कंडेन्सर लागतात, लोक वाजवून बघतात, मान डोलावतात. मला वाटलं, दाजींना एकदा ऐकू दे फक्त. गेल्या चतुर्थीला येताना पर्समध्ये कागदात गुंडाळून एक आणला होता. म्हणजे आयत्या वेळी सुचलं वगैरे काही नाही. ठरवून आले होते.

दुपारी जेवणं झाली, तुम्ही माजघरात आडवे झालात. मी दुकानात गेले, झाकण उघडलं, तुमचं घोरणं ऐकत दोन पायांत कंडेन्सर बसवला, झाकण लावलं. नेलपॉलिश लावलं नाही. त्याचा वास तुम्ही झोपेतही ओळखला असतात. संध्याकाळी भजनात तुम्ही चकित व्हाल, आणि मग मी सांगेन, असा बेत.

गजर छान झाला. मी बायकांत बसले होते. बुवांनी अभंग उचलला. तुमची करंगळी नॉबवर गेली, आवाज तीनवर आला आणि बसलाच नाही. पत्र्यासारखा वर उभा राहिला, बुवांच्या आवाजाच्या पुढे. नुसता कंडेन्सर टाकला की आवाज खाली आणल्यावर धार जास्त होते, हे मला माहीत असायला हवं होतं. इथल्या बाकावर ते इतकं जाणवत नाही. तिथे, झांजेच्या शेजारी, बुवांच्या मागे, टोचायला लागलं. बुवांनी मान वळवून बघितलं. तुम्ही दोनवर आणलात. आणखी टोचलं. मग तुम्ही तारांवर हात ठेवून आवाज बंद केलात आणि तळहाताकडे बघत बसलात.

अभंग संपल्यावर बुवांना म्हणालात, "माझाच काय तरी चुकला."

सेट बिघडला, वायर हलली, असं नाही. माझा चुकला.

त्या क्षणी एक वाक्य होतं माझ्याकडे. पंधरा माणसांसमोर बोलायची भीती वाटली म्हणू? वाटली. पण त्यानंतर दोन दिवस मी तुमच्या घरी चहा पीत होते. तेव्हा तर पंधरा माणसं नव्हती. दोन दिवसांत प्रत्येक वेळी तोंड उघडलं आणि "काकी, साखर कमी" असलं काहीतरी बाहेर पडलं. मग मी गाडीत बसले.

रविवारी फोन यायचा तुमचा. तसा आधीपासूनच, पण आता विषय एकच.

"गो, खालचो आवाज बोचता."

"केबल बदलून बघा."

पुढच्या रविवारी, "केबल बदललंय. बोचताच."

"पिकअप खाली घ्या थोडा."

"घेतलंय. उघडून बघू काय आतसून?"

"नको नको, जुन्या वायरी आहेत, हलल्या तर तुटतील."

हे मी म्हटलं. तीसेक वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः घातलेल्या वायरी, तुमचे सांधे. तुम्हाला आपल्या सांध्यावर इतका भरवसा, की तिथे दोष असेल हे तुमच्या मनात येत नव्हतं, आणि तो भरवसा मी वापरला. मग एका रविवारी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी म्हटलं, "दाजीनू, कान तपासून घ्या एकदा."

मग तुम्ही म्हणालात, "व्हय. वय झाला."

कुडाळला जाऊन कान तपासून आलात. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच पट्टीचे आवाज थोडे कमी येतात, वयाच्या मानाने ठीक. पण तुम्ही गिटार भिंतीला लटकवलीत. हे मला तुम्ही नाही, काकीने सांगितलं. "भजनाक जातत, पण आता नुसती झांज घेवन बसतत." मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आणि तरी पुढच्या रविवारी बोलले नाही. दाजीनू, रोज वाटायचं उद्या सांगू, आणि जितके दिवस जात तितकं ते वाक्य जड होत गेलं. पहिल्या दिवशी ते चेष्टा होतं. दुसऱ्या महिन्यात गुन्हा झालं होतं.

थंडी सरता सरता तुम्ही एकदा विचारलंत, "चेडवा, एक सांग. कान म्हातारो झालो तर बारीक आवाज जातले. म्हणजे गिटार दबलेली ऐकाक येवक व्हयी. बोचात कशी?"

बरोबर होतं तुमचं. माझी थाप मुळातच उलटी होती. मी म्हटलं, "प्रत्येकाचं वेगळं असतं." तुम्ही "व्हय काय" म्हणालात आणि जेवलीस का विचारलंत.

त्यानंतरही रविवार येत राहिले. "बोचता गो अजून." मी काहीबाही सांगत राहिले. शेवटच्या रविवारी तर तुम्ही तीनदा विचारलंत, "बाकी काय?" हापूस पेट्यांत भरून गेला, बाकी काय. पाणी आटलं विहिरीचं, बाकी काय. मी म्हटलं, "बाकी काय नाय, दाजीनू."

बुधवारी काकीचा फोन आला.

मी आले नाही. गाडीने दोन दिवस, तिकीट नाही, सुट्टी नाही. सगळं खरं. पण खरं कारण भिंतीवर लटकत होतं. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी काकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कंडेन्सर, भजन, कान, सगळं. मग तिचा आवाज आला.

"स्क्रूड्रायव्हर खंयचो? लाल मुठीचो काय काळ्या?"

"काकी, राहू दे, आत्ता नको..."

"आता नाय तर कधी? तुका बघूचा आसा ना, ता आत आसा काय नाय? खंयचो सांग."

मला खरंच ते बघायचं होतं. तो तिथे तसाच असेल, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत आपल्या कानांना दोष देत गेलात. इतकं ते सरळ होतं. तो नसेल, म्हणजे तुम्ही काढलात, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. झाकण निघालं. काकीने मोबाइल आत वाकवला. चित्र हललं, धूसर झालं, स्थिर झालं.

तो तिथेच होता. माझा कंडेन्सर, माझे दोन सांधे.

"हेच्या बाजूक काय तरी आसा बघ," काकी म्हणाली. "बारक्या मण्यासारख्या."

मी स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. माझ्या कंडेन्सरच्या बाजूला एक रेझिस्टन्स बसवलेला. पायांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. आणि सगळ्यावर, तुमच्या सांध्यांवर, माझ्या उघड्या ठेवलेल्या सांध्यांवरसुद्धा, लाल नेलपॉलिश.

नुसत्या कंडेन्सरने खाली धार जास्त होते. बाजूला रेझिस्टन्स दिला की ती आवरते. आवाज कमी झाला तरी ऐकू येतो, आणि टोचत नाही. तुमचंही राहतं, माझंही राहतं. सात वर्षं भांडताना आपल्यापैकी एकालाही हे सुचलं नाही, आणि तुम्ही ते माझ्या चोरीवर बसून शोधलंत. काढून नाही टाकलंत. वारा लागू नये म्हणून माझा सांधा झाकलात.

"शिमग्याच्या आधी माझी बाटली मागल्यानी," काकी आठवून म्हणाली. "मी म्हटलंय, आता कित्याक, तुमी तर झांज वाजवतास. तर हसले. मगे रामनवमीक परत गिटार घेवन बसले भजनाक. तुका म्हायत नाय? माका वाटला तुमका दोघांका म्हायत आसा. हे रविवारी तुझ्याकडे बोलत, फोन ठेयत आणि हसत. म्हणत, 'अजून सांगणा नाय ता.'"

दाजीनू!

म्हणजे शिमग्यापासून तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही परत वाजवत होतात. आणि दर रविवारी मला फोन करून "बोचता गो" म्हणत होतात. दहा-अकरा रविवार दिलेत मला. एकाही रविवारी "मेले, तू लावलंस ना?" म्हणून एक शिवी घातली असतीत तर काय बिघडलं असतं? मी रडले असते, माफी मागितली असती, आणि मग तुम्हाला विचारलं असतं की रेझिस्टन्स कितीचा घातलात, कसं सुचलं, बुवा काय म्हणाले. आपण तासभर बोललो असतो. त्याऐवजी तुम्ही माझ्या तोंडून काढायला बसलात. तुम्हाला वेळ आहे असं वाटत होतं. मलाही वाटत होतं. दोघेही मूर्ख.

मला कृतज्ञ वाटायला हवं, वाटतंच आहे, पण त्याच्या वर राग बसलाय. कारण तुमचं हसणं शिमग्यापासूनचं. चतुर्थी ते शिमगा या महिन्यांचं काय? ते मी काकीला विचारलं. तिने लपवलं नाही. "तेव्हा गप आसत," म्हणाली. "चाय दिली तरी कप हातात धरून बसत." ते महिने माझे. त्यांच्यावर तुमचं नेलपॉलिश नाही. ते तसेच उघडे राहणार आणि गंजणार, आणि मला ते दिसत राहणार. तुम्ही हसलात म्हणून ते पुसले जात नाहीत. बरं वाटतं एवढंच.

आणि वर आणखी एक. रेझिस्टन्स कितीचा, तेच कळत नाही. त्याच्या अंगावर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून आकडा कळतो. मी काकीला म्हटलं, पहिला पट्टा तपकिरी की लाल? ती म्हणाली, "माका सगळाच लाल दिसता." तुम्ही हात राखून लावायचं शिकला नाहीत कधी. सापडलेलं उत्तर त्याच्याखाली बुजवून गेलात. मी म्हटलं, "काकी, नखाने थोडं खरवड."

"नाय खरवडूचंय."

"अगं थोडंसंच..."

"नाय म्हटलंय ना. बांगड्यांबरोबर माझी बाटली पण वत्सलावयनीन टाकल्यान तिसऱ्या दिवशी. म्हणाली, आता तुका कित्याक व्हयी? आता ह्या आत आसा तितक्याच उरला. ता ऱ्हवांदे."

तिने पदराची गाठ सोडली, एकेक स्क्रू परत बसवला. चौथा बसवताना, मोबाइल कुठेतरी टेकवलेला, मला नुसतं छप्पर दिसत होतं, तिचा आवाज आला.

"तुमी दोघा इतकी वर्सा भांडलास. आता तरी सांग माका. नक्की फरक काय पडता?"

मी सांगायला सुरुवात केली. पाय, धार, कंडेन्सर. माझं मलाच कळलं, हे बोलून सांगायचं नाही. आम्ही दोघांनी तेव्हा तिला काही ऐकवलंच नव्हतं, नुसतं "तुका नाय कळाचा".

म्हणून दाजीनू, हे तुम्हाला सांगून ठेवते, लपवून नाही. इथे कारखान्यात भंगारात निघालेली एक गिटार मी मागून घेतली आहे. सुटीच्या वेळेत तिची वायरिंग करते आहे. तिला एक जादा बटन बसवणार. वर केलं की तुमचा जुना दबका आवाज, खाली केलं की माझा टोचणारा. सुट्टी कधी मिळेल माहीत नाही, या चतुर्थीला की पुढच्या, पण मी ती घेऊन घरी येईन. काकीला तिथे बसवीन जिथे बुवा बसतात. आधी तुमचा ऐकवीन, मग माझा, मग भिंतीवरची तुमची गिटार काढून, न उघडता, तिसरा. मला जेमतेम चार कॉर्ड येतात, पण तेवढं पुरेल. मग ती सांगेल कुठला बरा. ती सांगेल तो शेवटचा शब्द. तुम्हाला मान्य करावा लागेल, मला तर लागेलच.

आणि येताना नेलपॉलिशची एक बाटली आणीन, लाल. वत्सलावयनींनी विचारलं तर सांगेन, सोल्डरवर लावायला आणली आहे. ती काकीच्या हातात देईन, आणि तिने कुठे लावायची ते तिला कुणी विचारणार नाही.